घरच्या स्टुडिओत पोर्ट्रेटवर पट्टे येतात? कॅमेरा दुरुस्तीला टाकण्याआधी हे तपासा

लग्नसराई आटोपली की लातूर-नांदेडकडचे बरेच फोटोग्राफर घरातल्याच एखाद्या खोलीत पडदा टांगतात आणि मनासारखे पोर्ट्रेट करून बघतात. ओढणी उडवायची, तोंडावर पाण्याचा सपका मारायचा, हळद उधळायची, अंधारात टॉर्चने रेघा ओढायच्या. आणि मग फोन येतो: "दादा, फोटोत पट्टे यायलेत, शटर गेलं वाटतं."

मांडवात आणि उन्हात अख्खा सीझन नीट चाललेला कॅमेरा घरात आल्यावरच बिघडतो, इथेच खरे तर शंका यायला हवी. माझ्यापर्यंत आलेल्या अशा तक्रारींत शटर खरोखर गेलेले कॅमेरे फार थोडे होते. बाकीच्यांचा दोष दिव्यात होता, नाहीतर दिवा आणि शटर एकमेकांशी न जुळण्यात. म्हणून फुकटात होणाऱ्या तपासण्या आधी, पैसे लागणाऱ्या नंतर.

आधी लक्षण नीट बघा

फोटो संगणकावर उघडा. मोबाईलच्या पडद्यावर ठरवू नका.

रुंद आणि मऊ कडांचे गडद पट्टे असतील, एखादा किंवा तीन-चार, आणि गडद भाग पिवळट-तपकिरी दिसत असेल, तर घरातल्या विजेच्या दिव्याची लुकलुक शटरने पकडली आहे.

कंगव्याच्या दातांसारख्या बारीक, एकसारख्या, पुष्कळ रेघा असतील, तर एलईडी दिव्याचा डिमर, म्हणजे उजेड कमी-जास्त करायची कळ, कारण आहे.

एका बाजूला काळा पट्टा, त्याची कड बऱ्यापैकी स्वच्छ, आणि हे फक्त फ्लॅश लावल्यावरच होत असेल, तर शटर स्पीड फ्लॅशला झेपत नाही.

पट्टा नाही, पण एकामागोमाग काढलेल्या फोटोंत चेहरा कधी उजळ कधी काळवंडलेला, कधी गुलाबी कधी हिरवट असेल, तर त्याला तीन-चार कारणे असू शकतात. ती पुढे येतील.

एक खूण सगळ्यांना लागू. कॅमेरा आडवा धरून एक फोटो काढा, मग उभा धरून एक. कॅमेऱ्याबरोबर पट्ट्यांची दिशाही फिरली तर ते शटर किंवा सेन्सरच्या (फोटो टिपणाऱ्या चिपच्या) वाचनातून येत आहेत. पट्टे भिंतीवर होते तिथेच राहिले, तर ती खिडकीच्या गजांची नाहीतर पडद्याच्या चुण्यांची सावली आहे. हसू नका, सावलीसाठी सर्व्हिसिंग करून आलेले कॅमेरे मी पाहिले आहेत.

१. कॅमेरा घेऊन गच्चीवर जा

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात निर्णायक तपासणी हीच. ऊन लुकलुकत नाही. गच्चीवरच्या दोरीवर पांढरी चादर टाका, फ्लॅश काढून ठेवा आणि तिचे फोटो १/१०० पासून १/४००० सेकंदापर्यंत प्रत्येक शटर स्पीडला काढा. उजेड जुळवायला आयएसओ (सेन्सर उजेडाला किती तिखट ते) आणि अ‍ॅपर्चर (लेन्सचे छिद्र) बदला.

उन्हात एकही पट्टा आला नाही तर कॅमेरा निर्दोष आहे. पुढचे सगळे शोधकाम खोलीत करायचे. उलट उन्हातही १/१००० च्या पुढे एका बाजूला काळपट पट्टा येत असेल, किंवा अर्धी चौकट काळी पडत असेल, तर शटरचे पडदे एकसारख्या वेगाने धावत नाहीत. मग थांबा. खाली काहीही वाचायची गरज नाही, थेट शेवटच्या भागावर या.

रात्री तपासायचे असेल तर समई लावा. ज्योत हलते, पण विजेसारखी सेकंदाला शंभरदा उजळत-मंदावत नाही. तिच्या उजेडात आयएसओ वाढवून काढलेल्या फोटोत चेहरा पिवळा येईल, दाणे दिसतील, पण पट्टा यायचा नाही.

२. खोलीतले बाकीचे दिवे बंद करा. पंखाही.

घरचा स्टुडिओ म्हणजे बहुतेक वेळा बैठकीची खोली. तिथे छताला ट्यूब, देवघरात झिरोचा बल्ब, शोकेसमध्ये एलईडी पट्टी आणि खिडकीतून येणारा दिवसाचा उजेड, असे चार जातींचे दिवे एकाच चेहऱ्यावर पडतात. सगळे बंद करा आणि फक्त फोटोचा दिवा ठेवा. पट्टे गेले? मग दोषी घरातला दिवा होता. एकेक परत लावत जा, कोणता ते लगेच कळेल. जुन्या जड चोकच्या ट्यूब या बाबतीत सगळ्यात वाईट.

पंख्याबद्दल वेगळे सांगायला हवे. मे महिन्यात परभणीत पंखा बंद करा म्हणणे पाप आहे, हे मान्य. पण फ्लॅश छतावर मारून उजेड खाली घेत असाल आणि मध्ये पंखा फिरत असेल, तर एका फोटोत पाते आडवे येते, दुसऱ्यात येत नाही. प्रत्येक फोटोचा उजेड वेगळा. लोक फ्लॅशचे सेल बदलत बसतात आणि पंखा वर निवांत फिरत असतो. कूलर किंवा टेबल फॅन बाजूला लावा, काम भागते.

३. शटर १/१०० किंवा १/५० वर आणा

आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची. प्रत्येक फेऱ्यात विजेचा जोर दोनदा शिखरावर जातो, म्हणून साधा दिवा सेकंदाला १०० वेळा उजळतो आणि मंदावतो. एक उजळणे-मंदावणे दहा मिलिसेकंदांचे. डोळ्याला ते दिसत नाही, शटरला दिसते.

शटर १/१०० असेल तर सेन्सरच्या प्रत्येक ओळीला उजळण्या-मंदावण्याचा एक अख्खा फेरा मिळतो. १/५० असेल तर दोन. सगळ्या ओळींना सारखाच उजेड, म्हणून पट्टा नाही. आता ओढणी गोठवायची म्हणून १/१००० केले की काही ओळींच्या वाट्याला फेऱ्याचा माथा येतो आणि काहींच्या वाट्याला तळ. तोच पट्टा. ट्यूब आणि एलईडीच्या आतला फॉस्फरचा थर तळालाही थोडा वेळ चमकत राहतो आणि त्याचा रंग वेगळा असतो, म्हणून गडद भाग नुसता काळा न दिसता पिवळट दिसतो.

इथे एक गंमत होते. इंटरनेटवरचे पुष्कळ धडे अमेरिकेतल्या लोकांचे. तिकडची वीज ६० हर्ट्झची, म्हणून ते "१/६० ठेवा, १/१२० ठेवा" सांगतात आणि त्यांच्याकडे ते बरोबरच आहे. आपल्याकडे १/६० आणि १/१२५ दोन्ही अर्धवट बसतात, त्यामुळे पट्टा फिका येतो, पण येतो. फिका असल्यामुळे तो अल्बम छापल्यावरच दिसतो, हे जास्त वाईट.

मोबाईलने काढत असाल तर प्रो मोडमध्ये शटर हाताने १/१०० करा. फोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये फ्लिकरसाठी ५० आणि ६० हर्ट्झचा पर्याय असेल तर ५० निवडा.

४. सायलेंट शटर बंद करा

नव्या मिररलेस कॅमेऱ्यांत सायलेंट म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटर असते. त्यात पडदे हलत नाहीत, सेन्सर वरून खाली ओळीओळीने वाचला जातो. यांत्रिक पडदा चौकट साधारण तीन-चार मिलिसेकंदांत ओलांडतो. बऱ्याच साध्या सेन्सरना संपूर्ण वाचनाला त्याच्या कितीतरी पट वेळ लागतो. म्हणून यांत्रिक शटरला जिथे एक मऊ छटा येते, तिथे इलेक्ट्रॉनिकला तीन-चार पट्टे येतात. पट्टे मोजून वाचनाचा वेळही काढता येतो: चार पट्टे म्हणजे साधारण चाळीस मिलिसेकंद.

लेकरू झोपेत असताना फोटो काढायला सायलेंट लावलेले असते आणि मग ते तसेच राहून जाते. मेनूत जाऊन मेकॅनिकल करा. तिथेच अँटी-फ्लिकर दिसले तर तेही चालू करा. २०१४ च्या कॅनन ७डी मार्क २ मध्ये हे आले, आता अनेक कॅमेऱ्यांत असते. कॅमेरा दिव्याची लय ओळखतो आणि उजेड माथ्यावर असतानाच शटर सोडतो. त्याने सलग फोटोंचा वेग थोडा कमी होतो. डिमरच्या बारीक रेघांवर मात्र याचा उपयोग नाही, कारण ती लुकलुक कितीतरी वेगवान असते.

५. फ्लॅश असेल तर सिंक स्पीड

ठळक काळ्या पट्ट्याचे उत्तर दोन मिनिटांचे आहे. शटर एका ठरावीक वेगापर्यंतच पूर्ण उघडते. त्यापुढे दोन पडद्यांमध्ये फक्त एक फट राहते आणि तीच सेन्सरवरून सरकते. फ्लॅश क्षणात चमकून जातो, त्यामुळे फटीबाहेरचा भाग काळा. बहुतेक कॅमेऱ्यांची ही मर्यादा, म्हणजेच सिंक स्पीड, १/२०० किंवा १/२५० असते, काहींची १/१६०. फ्लॅश दुरून पेटवणारे स्वस्त वायरलेस ट्रिगर किंचित उशीर करतात, म्हणून १/२०० लिहिलेले असले तरी काठावर काळी किनार येऊ शकते. सरळ १/१२५ ला या.

काही फ्लॅशमधल्या हाय स्पीड सिंक या सोयीने मर्यादा ओलांडता येते, पण त्यात फ्लॅशची ताकद बरीच जाते. माझ्या मते घरातल्या खोलीत त्याची गरजच नसते. का ते सांगतो, कारण बहुतेक प्रयोग इथेच अडतात.

हळद, पाणी किंवा ओढणी गोठवायचे काम शटरने करायचे नसते, फ्लॅशने करायचे असते. साधा स्पीडलाइट, म्हणजे कॅमेऱ्यावर चढवायचा छोटा फ्लॅश, पूर्ण ताकदीला साधारण सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास जळतो. ताकद १/१६ किंवा १/३२ केली की तो कित्येक हजाराव्या भागातच विझतो. म्हणजे खोली अंधारी करा, शटर १/१२५, फ्लॅश १/१६ आणि मॉडेलच्या जवळ, उजेड कमी पडला तर आयएसओ वाढवा. थेंब हवेत खिळतात. पट्ट्याचा प्रश्नच येत नाही, कारण लुकलुकणारा दिवाच खोलीत राहिलेला नसतो. या प्रकारच्या पोर्ट्रेटसाठी महागडे एलईडी पॅनेल घेण्यापेक्षा एक जुना हाताने चालवायचा स्पीडलाइट जास्त कामाचा आहे. फक्त फार जुना, फिल्मच्या जमान्यातला फ्लॅश थेट नव्या कॅमेऱ्यावर चढवू नका. त्यातल्या काहींचे ट्रिगर व्होल्टेज शंभर-दोनशेच्या वर असते आणि कॅमेऱ्याचा शू (फ्लॅश बसवायची खाच) जळू शकतो. तो वायरलेस ट्रिगरवर चालवायचा असेल तरी आधी त्या ट्रिगरला किती व्होल्टेज चालते ते पाहा.

पाण्याचा प्रयोग असेल तर वायरी फरशीवर नकोत. तापलेल्या हॅलोजनजवळ पाणी तर नकोच, काच फुटते. पीठही तिथे उधळू नका, हवेत उडालेले पीठ पेट घेऊ शकते.

६. रंग बदलत असेल तर भिंत आणि व्हाइट बॅलन्स

ऑटो व्हाइट बॅलन्स, म्हणजे दिव्याप्रमाणे रंग आपोआप जुळवायची सेटिंग, काढा. प्रत्येक फोटोला कॅमेरा नव्याने अंदाज बांधतो, मागचा पडदा लाल असला तर एक अंदाज, साडी हिरवी असली तर दुसरा. फ्लॅशवर काम असेल तर ५५०० केल्विन (उजेडाच्या रंगाचे माप) पक्के करा. घरातले पांढरे एलईडी बल्ब बहुधा ६५०० चे असतात आणि पिवळे २७०० ते ३००० चे. फ्लॅशबरोबर त्यातला एक चालू राहिला तरी चेहऱ्याची एक बाजू निळसर किंवा नारिंगी होते, आणि ते नंतर संगणकावर सुधारणे जिकिरीचे.

भिंतीकडेही बघा. आपल्याकडे पिस्ता आणि पोपटी रंगाच्या बैठकी काही कमी नाहीत. उजेड भिंतीवर आपटून चेहऱ्यावर येतो तो भिंतीचा रंग घेऊनच. मॉडेलच्या बाजूला पांढरी चादर किंवा थर्माकोलचा पत्रा उभा केला की हिरवट झाक जाते. पैठणी किंवा हिमरू शाल मागे टांगली असेल तर माणूस तिच्यापासून चार-पाच फूट पुढे बसवा.

जुन्या माळवदाच्या घरात झरोका असेल तर दिवा लावण्याआधी त्याच्या उजेडात एक फोटो काढून बघा. वरून येणारा तो एकच मऊ झोत, बाकी खोली अंधारी. पट्टा नाही, रंगाची भेसळ नाही. दिवसातला थोडाच वेळ मिळतो, एवढेच.

७. डिमर पूर्ण उघडा

बारीक रेघा फक्त एलईडी मंद केल्यावर येत असतील तर समजून घ्या, की बरेच स्वस्त पॅनेल आणि रिंग लाइट मंद होत नाहीत, ते वेगाने चालू-बंद होतात आणि डोळ्याला मंद भासतात. दिवा १०० टक्क्यांवर ठेवा आणि उजेड दुसऱ्या मार्गाने कमी करा: अंतर वाढवा किंवा पुढे पांढरे कापड लावा. छोटा दिवा दुप्पट लांब नेला की उजेड साधारण चौथाई होतो.

नवा दिवा घेताना दुकानातच तपासणी करा. मोबाईल प्रो मोडमध्ये १/२००० ला ठेवून दिव्याकडे धरा आणि डिमर पूर्णपासून अगदी कमीपर्यंत फिरवा. पडद्यावर रेघा सरकताना दिसल्या तर दिवा परत खोक्यात. घरगुती बल्बचा सीआरआय (दिव्यात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) साधारण ८० असतो, त्वचेसाठी ९५ च्या वरचा दिवा बघा.

दिवाळीची एलईडी माळ अंधारात फिरवून एक सेकंदाचा फोटो काढलात तर सलग रेघेऐवजी तुटक रेघ उमटते. दोष तोच, पण तिथे तो सुंदर दिसतो. तो खुशाल वापरा.

८. वीज

हे सगळे करूनही त्रास ठरावीक वेळीच होत असेल तर घड्याळ बघा. लातूरसारख्या गावात नळाला पाणी सुटले की गल्लीभर मोटारी एकदम लागतात आणि व्होल्टेज पडते. स्टुडिओ फ्लॅश मग भरायला जास्त वेळ घेतो. तयार झाल्याचा आवाज यायच्या आत बटण दाबले की फोटो काळवंडलेला. सॉकेटमध्ये सरळ खोचायचा व्होल्टमीटर स्वस्तात मिळतो, तो लावून ठेवा. २३० च्या जागी १८०-१९० दिसत असेल तर शूटची वेळ बदला, किंवा बॅटरीवर चालणारा दिवा वापरा.

वीज गेली की इन्व्हर्टरवर काम रेटले जाते. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर स्वस्त एलईडी गुणगुणतात आणि लुकलुकतात, आणि स्टुडिओ फ्लॅश तर त्यावर लावूच नये. साइन वेव्ह असेल तरी फ्लॅशच्या पुस्तिकेत परवानगी आहे का ते वाचा. हॅलोजन वापरत असाल तर लक्षात घ्या: त्याची तार तापलेलीच राहत असल्यामुळे तो फारसा लुकलुकत नाही, पण १००० वॅटचा एक हॅलोजन चार अँपिअरच्या वर ओढतो. ६ अँपिअरच्या एका बोर्डवर दोन लावायचे नाहीत.

इथे हात थांबवा

फ्लॅशला हात लावताच झिणझिण्या येत असतील, बोर्ड गरम लागत असेल, एमसीबी वारंवार पडत असेल, तर फोटो विसरा आणि वायरमनला बोलवा. थ्री फेज घरात काही दिवे अचानक लख्ख आणि काही मंद झाले तर न्यूट्रल सुटलेला असू शकतो. त्याच क्षणी मेन स्विच बंद करा. यात दिवेच नाही, कॅमेऱ्याचा चार्जर, टीव्ही, फ्रिज सगळे जाते.

फ्लॅश उघडायचा नाही. छोट्या सेलवर चालणाऱ्या स्पीडलाइटच्या आतला कपॅसिटरही ३०० व्होल्टच्या आसपास भरलेला असतो आणि सेल काढल्यावरही बराच वेळ तसाच राहतो. मोठ्या स्टुडिओ फ्लॅशमधला धक्का जीव घेऊ शकतो. "नुसती ट्यूब बदलायचीय" म्हणून स्क्रू काढणारे हुशार लोक गावोगावी आहेत. ट्यूब बाहेरून खोचायची असेल आणि पुस्तिकेत तशी पद्धत दिली असेल तरच बदला.

शटरच्या पडद्यांना बोट, कापूस, ब्लोअरचा जोराचा झोत, काहीच नको. गच्चीवरच्या तपासणीत पट्टा आला असेल तर कॅमेरा सर्व्हिस सेंटरला न्या आणि चादरीचे तेच फोटो न छाटता, मूळ फाइलमध्ये, कार्डावर घेऊन जा. कोणत्या स्पीडपासून पट्टा सुरू होतो ते त्यातून तंत्रज्ञाला लगेच दिसते. आजवर शटर किती वेळा चालले तो आकडा विचारा. बऱ्याच कॅमेऱ्यांची शटर एक ते दोन लाख फोटोंसाठी तपासलेली असतात, आणि लग्नाचे काम करणाऱ्याला तो पल्ला गाठायला फार सीझन लागत नाहीत. खर्चाचा आकडा लेखी घ्या आणि त्याच मॉडेलच्या जुन्या कॅमेऱ्याच्या भावाशी ताडून बघा. निम्म्याच्या वर जात असेल तर मी दुरुस्ती करत नाही.